हार-पेढ्यांच्या पुढची डिलिव्हरी: नवी फोर बाय फोर कोल्हापुरात ताब्यात घेताना

गाडीवरचं झाकण ओढलं जातं, पुठ्ठ्याची मोठी किल्ली हातात देतात, हार, पेढे, घरच्या सगळ्यांचा फोटो, नारळ, आणि पंधरा-वीस मिनिटांत गाडी शोरूमच्या उतारावरून रस्त्याला लागते. साधी हॅचबॅक घेतली असेल तर एवढं पुरतं. पण ज्या गाडीत गिअरच्या शेजारी चारही चाकांना ताकद देणारी दुसरी एक दांडी आहे, म्हणजे जी फोर बाय फोर आहे, तिची डिलिव्हरी अशी उरकली तर गाडी घरी येते आणि तिचा निम्मा उपयोग शोरूममध्येच राहतो.

आमच्या घरी पहिली फोर बाय फोर आली ती दसऱ्याला. शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. त्या दुसऱ्या दांडीबद्दल विचारलं तर "लागंल तेव्हा टाकायची, साहेब" एवढंच उत्तर मिळालं. पुढच्या आषाढात शिरोळकडच्या पाहुण्यांच्या रानात निघालो आणि पाणंदीच्या काळ्या मातीत गाडी रुतली. दांडी फोर-एलला, म्हणजे चारही चाकं सावकाश पण जोरानं ओढायच्या जागेला, जाईना. गाडी थांबवून गिअर न्यूट्रलला आणायचा असतो, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. शेवटी शेजारच्या रानातला ट्रॅक्टर बोलावला. साखळी अडकवली ती चुकीच्या जागी, आणि पहिल्याच हिसक्याला पुढचा बंपर निघून आला. खर्च झाला तो झाला. पण आप्पा त्यानंतर वर्षभर ती गाडी रानात न्यायला तयार नव्हते, ते मला जास्त लागलं. ज्या कामासाठी गाडी घेतली त्याच कामाची भीती बसली होती.

पुढं घरात दुसरी गाडी आली. मित्रांच्या तीन गाड्यांच्या वेळी मी मुद्दाम सोबत गेलो. त्यातून डिलिव्हरी घ्यायची एक पद्धत बसत गेली, ती इथं सविस्तर लिहितो.

परदेशात काही कंपन्यांनी हा प्रकार रीतसर बांधला आहे. फोर्डनं २०२१ साली ब्रॉन्को बाजारात आणली तेव्हा गाडी घेणाऱ्यांसाठी टेक्सास, नेवाडा, युटा आणि न्यू हॅम्पशायर या ठिकाणी 'ऑफ-रोडिओ' नावाचा उपक्रम सुरू केला. गाडी घेतलेला माणूस तिथं येतो, कंपनीच्याच गाडीवर खडक, वाळू, चढ-उतार शिकतो आणि मग आपली गाडी धाडसानं वापरतो. मर्सिडीजच्या जी-क्लासचं ऑस्ट्रियातल्या ग्राट्सजवळच्या शॉकल डोंगराशी असंच नातं आहे. आपल्याकडे महिंद्राची इगतपुरीला ऑफ-रोड प्रशिक्षण अकादमी आहे. सवड आणि पैसे असतील तर तिथं जाऊन या. पण कोल्हापूरकरांना त्यासाठी अडून राहायची गरज नाही. पश्चिमेला जांभ्याचे सडे आणि घाट, पूर्वेला हातकणंगले-शिरोळची काळी माती, मधे मुरमाचे माळ. शिकायला लागणारी सगळी जमीन तासा-दीड तासाच्या अंतरात आहे. फक्त डिलिव्हरीची आखणी आपण करायची.

बुकिंगच्या आधीचं बोलणं

सगळ्यात आधी आपण फोर बाय फोरच घेतोय ना, हे कागदावर पाहा. थारला २०२३ पासून मागची चाकं ओढणारी टू-व्हील-ड्राइव्ह आवृत्ती आहे. थार रॉक्समध्ये फोर बाय फोर फक्त डिझेलला मिळते. स्कॉर्पिओ-एनचंही तसंच. टू-व्हील-ड्राइव्ह आणि फोर बाय फोर या दोन्ही आवृत्त्या बाहेरून सारख्याच दिसतात आणि किमतीत लाखाच्या वर फरक असतो. मारुतीची जिम्नी आणि पुण्याच्या फोर्स कंपनीची गुरखा मात्र फोर बाय फोरच येतात. बुकिंगच्या पावतीवर व्हेरियंटचं पूर्ण नाव लिहून घ्या. "थार डिझेल, काळी" एवढंच लिहिलेली पावती मी डोळ्यांनी पाहिली आहे.

मग सेल्स मॅनेजरशी बोला. गाडी दाखवणारा तरुण मुलगा चांगला असतो, पण माणूस आणि वेळ द्यायचा अधिकार त्याच्याकडे नसतो. मॅनेजरसाहेबांना तीन गोष्टी मागायच्या: डिलिव्हरीच्या एक-दोन दिवस आधी स्टॉकयार्डात दिवसाउजेडी गाडी बघायला मिळावी, वर्कशॉपमधला फोर बाय फोर जाणणारा माणूस अर्धा दिवस मिळावा, आणि शिकायला शक्य असेल तर त्यांची डेमो गाडी मिळावी. हे पूर्ण पैसे भरायच्या आधी बोला आणि बुकिंगच्या कागदावर किंवा मेसेजवर लिहून घ्या.

बऱ्याच ठिकाणी फुकट मॅट, बॉडी कव्हर, परफ्यूम असं काहीबाही देऊ करतात. मी सरळ सांगतो, "दादा, मॅट ऱ्हाऊ द्या, मला तुमचा फोरमन अर्धा दिवस द्या." एका मित्राच्या वेळी मॅनेजर आधी हसले, मग स्वतःच सोबत आले. त्यांच्याकडे ग्राहकांना एकत्र घेऊन जाणारी ड्राइव्ह ठरलेली असेल तर तिची तारीखही तेव्हाच विचारा. दहा गाड्यांच्या रांगेत शिकणं आणि एकट्यानं शिकणं यांत फरक आहे, तरी दुसरी सोय नसेल तर तीही चांगली.

मुहूर्त एका दिवशी, शिकवणी दुसऱ्या दिवशी

गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, धनत्रयोदशी, दिवाळीचा पाडवा. या दिवशी गाडी घरी आणायची आपली रीत आहे आणि ती मोडा असं मी कधीच म्हणणार नाही. दसरा चौकातल्या शाही सोहळ्यात संस्थानकाळातली मेबॅक गाडी निघते, ती बघत मोठं झालेल्या गावाला दसऱ्याचं वाहनप्रेम काय सांगायचं! पण त्याच दिवशी शोरूमला दिवसभरात कितीतरी गाड्या द्यायच्या असतात. तिथं सावकाश काही बघायची, विचारायची अपेक्षा ठेवली तर दोघांचाही जीव टांगणीला लागतो.

म्हणून डिलिव्हरीचे तीन तुकडे करा: पाहणी, मुहूर्त, शिकवणी. दसऱ्याला गाडी हवी असेल तर पाहणी पितृपक्षात उरकून घ्या. त्या पंधरवड्यात शोरूम ओस असतात, माणसं मोकळी असतात आणि गाडी नुसती बघायला कसलीच अडचण नाही. गाडी पसंत केली की तिचा चेसिस नंबर लिहून घ्या आणि हीच गाडी आपल्या नावावर लागेल असं वदवून घ्या. मुहूर्ताला हार-नारळ करून गाडी घरी आणा. शिकवणी त्यानंतरच्या आठवड्यात, साध्या वारी.

स्टॉकयार्डातली पाहणी

सकाळी दहाच्या सुमाराला जा. धुतलेल्या ओल्या गाडीवर ओरखडे दिसत नाहीत, म्हणून आधीच कळवा की गाडी कोरडी पाहिजे. चेसिस नंबर सतरा अक्षर-आकड्यांचा असतो. गाडीवरचा आणि कागदावरचा जुळवून बघा, आणि गाडी कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्षी बनली ते विचारा. टायरच्या कडेला चार आकडी शिक्का असतो. तिथं २३२५ असेल तर तो टायर २०२५ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. पाचही टायर बघा. स्टेपनी त्याच मापाची आणि त्याच बनावटीची आहे का, हे फोर बाय फोरमध्ये फार महत्त्वाचं. एका चाकाचा घेर वेगळा असला तर पुढच्या-मागच्या चाकांची गती जुळत नाही आणि फोर-एचमध्ये, म्हणजे नेहमीच्या वेगात चारही चाकं ओढत असताना, ताण गिअरवर येतो.

काच, रंग, लाइट, वायपर हे सगळेच बघतात. मी त्यात वेळ घालवत नाही, तेवढ्या वेळात गाडीखाली जातो. शक्य असेल तर गाडी रॅम्पवर घ्यायला सांगा, नाहीतर पोतं टाकून खाली झोपा. ट्रान्स्फर केस म्हणजे ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटणारी पेटी. तिच्या सांध्याला तेलाचा ओलावा नको. पुढच्या आणि मागच्या डिफरन्शियलला, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना वेगळ्या गतीनं फिरू देणाऱ्या पेटीला, पण नको. खालच्या संरक्षक पत्र्यांचे बोल्ट जागच्या जागी आहेत का ते बघा. गाडी ट्रेलरवरून येताना साखळीनं आवळलेली असते, त्या जागी चेसिसचा रंग गेलेला असू शकतो. तिथं लगेच रंग लावून घ्या. इथल्या पावसात उघड्या लोखंडाला गंज धरायला वेळ लागत नाही.

वरचं छत काढता येणारं असेल, किंवा मागच्या दारावर स्टेपनी टांगलेली असेल, तर वॉशिंग रॅम्पवर नेऊन दारांच्या रबरांवर आणि छताच्या जोडावर पाच मिनिटं पाणी मारायला लावा. आत बसून बघा. गगनबावड्याचा पाऊस अंगावर घ्यायचा आहे ना, मग ही परीक्षा यार्डातच झालेली बरी.

शेवटी दांडी. यार्डात डांबर किंवा काँक्रीट नसलेली थोडी तरी माती असतेच. तिथं सरळ रेषेत टू-एच (नेहमीची, फक्त दोन चाकं ओढणारी), फोर-एच, थांबून न्यूट्रल, फोर-एल आणि परत असं एकदा सगळं फिरवून घ्या. प्रत्येक वेळी डॅशबोर्डवर खूण उमटते का बघा. जॅक, हँडल, पाना आणि बंपरमध्ये फिरवून बसवायचा ओढायचा हुक गाडीत आहे का, ते हातात घेऊन बघा. खटकलेली प्रत्येक गोष्ट कागदावर लिहून सही घ्या.

कागद

यात नवीन काही नाही, पण घाई नको. रजिस्ट्रेशन झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणायची नाही, तात्पुरतं असो वा कायमचं. एमएच ०९ चा नंबर आणि हाय सिक्युरिटी प्लेट बसूनच गाडी घ्या. ही प्लेट १ एप्रिल २०१९ पासून प्रत्येक नव्या गाडीला सक्तीची आहे. बिल, विक्रीचं प्रमाणपत्र, विमा, फास्टॅग, वॉरंटीचं पुस्तक नीट घ्या. दहा लाखांच्या वरच्या गाडीवर एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घेतलेला आगाऊ आयकर, कापतात, तो तुमच्या आयकराच्या हिशेबात परत धरता येतो; पॅन नंबर बरोबर पडलाय का बघा.

विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नसते. कुठूनही घ्या, पण इंजिन प्रोटेक्शनची जोड घेतल्याशिवाय राहू नका. साध्या पॉलिसीत पाणी शिरून बिघडलेल्या इंजिनाचा दावा बहुतेक वेळा अडतो. २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

पूजेचा दिवस

अंबाबाईच्या दर्शनाला गाडी घेऊन जायचं असेल तर मंगळवार-शुक्रवार आणि सुट्टीचे दिवस टाळा. महाद्वार रोडच्या गर्दीत नव्या गाडीच्या रुंदीचा अंदाज यायच्या आत कुणीतरी घासून जातं. गाडी लांब लावून पायी जावं आणि प्रसादाचा हार आणून गाडीला घालावा, हे बरं. हळद-कुंकू नव्या रंगावर डाग सोडू शकतं, म्हणून स्वस्तिक काढलं तर संध्याकाळी ओल्या मऊ कापडानं पुसून घ्या. नारळ जमिनीवर फोडा.

जोतिबाला जाणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. तिथं गुलाल उधळतात, आणि तो गुलाल एसीच्या वाटेनं आत शिरला की महिनोन् महिने सीटच्या शिवणीतून निघत राहतो. डोंगरावर पोहोचायच्या आधी काचा बंद, एसी आतल्या हवेवर, सीटवर जुनी चादर. रविवार देवाचा वार, त्यामुळं रस्ता भरलेला असतो. मात्र साध्या दिवशी हाच घाट नव्या गाडीची पहिली ओळख करून घ्यायला फार चांगला आहे, ते पुढं सांगतो.

शिकवणीचा अर्धा दिवस

आता खरी गोष्ट. जागा आधी ठरवा. आपली किंवा ओळखीच्या माणसाची खाजगी जमीन हवी, मालकाला विचारून. मुरमाचा माळ आणि त्याच्या कडेला एखादा चढ, जवळ एखादी पाणंद, बस. ऊस तुटून गेलेलं मोकळं रानही चालतं, फक्त खोडवा ठेवला असेल तर त्यात चाक घालू नका. सोबत आणखी एक गाडी किंवा हाकेच्या अंतरावर ट्रॅक्टर असलाच पाहिजे. एकट्या गाडीनं शिकायला जाऊ नका.

सकाळी साडेसहाला कोल्हापूर सोडा. केर्लीवरून जोतिबाच्या घाटाला लागा, हे सगळं टू-एचमध्ये. चढताना गाडीचं नाक किती वर येतं, पुढची जमीन कुठं दिसेनाशी होते, हे बघा. उतरताना ब्रेकवर पाय न ठेवता खालच्या गिअरच्या जोरावर गाडी धरून ठेवायचा सराव करा. नवं इंजिन पहिले हजार किलोमीटर ताणायचं नसतं: एकाच वेगात तासन् तास पळवू नका, आरपीएम फार चढवू नका, ट्रॉली ओढू नका. म्हणून हा अर्धा दिवस सावकाशीचाच ठेवायचा, आणि जड प्रकार शक्यतो डेमो गाडीवर करायचे.

माळावर पोहोचलात की पहिलं काम हवेचं. रस्त्यावर टायरमध्ये तीस-बत्तीसच्या आसपास हवा असते. नेमका आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो. मऊ जमिनीवर ती वीस-बावीसपर्यंत उतरवली की टायर जमिनीवर पसरतो, जास्त जागा धरतो आणि दगडावर आपटायच्या ऐवजी दबतो. हवा कमी असताना वेग तीसच्या आत ठेवा आणि झटक्यात वळू नका, नाहीतर टायर रिमवरून निसटतो. परत डांबरावर यायच्या आधी हवा भरायची, म्हणजे बारा व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर सोबत हवाच. एवढ्या एका गोष्टीनं गाडी किती बदलते, हे माळाच्या एकाच पट्ट्यावर आधी भरल्या हवेनं आणि मग उतरवलेल्या हवेनं चालवून बघा.

मग फोर-एच. ती कधी लावायची नाही, हे आधी समजून घ्या. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा फेरा घेतात. या गाड्यांत फोर-एच लावली की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांशी बांधला जातो, मग तो फरक भरून काढायला टायरनं थोडं घसरायला लागतं. माती, मुरूम, चिखल घसरू देतात. कोरडं डांबर देत नाही. तिथं वळलात की गाडी अडखळते, स्टीअरिंग जड होतं आणि सगळा ताण दातांवर येतो. फोरमनला सांगून हे मातीत एकदा हळू वळून अनुभवा. हातांना एकदा कळलं की परत चूक होत नाही.

फोर-एल म्हणजे बैलाची चाल. गाडी थांबवा, गिअर न्यूट्रल, क्लच दाबा, दांडी टाका, खूण दिसली की पहिला गिअर. आता ॲक्सिलरेटर न देताही गाडी चालत राहते. चढावर जाण्याआधी नेहमी पायी चढून पलीकडं काय आहे ते बघून या. चढ आणि उतार दोन्ही सरळ घ्यायचे. तिरकी घेतलेली गाडी लोळायला वेळ लागत नाही. उतरताना फोर-एल, पहिला गिअर, क्लचवरून पाय काढून जमिनीवर. बहुतेक माणसांचा पाय आपोआप क्लचवर जातो आणि गाडी मोकळी सुटते. ही सवय मोडायलाच मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

चढाच्या मधेच गाडी बंद पडली तर काय करायचं, हे मुद्दाम करून बघा. ब्रेक घट्ट, हँडब्रेक, रिव्हर्स गिअर, गाडी चालू, स्टीअरिंग सरळ, क्लच सावकाश सोडत इंजिनाच्या पकडीवर सरळ मागं. न्यूट्रलमध्ये ब्रेकच्या भरवशावर मागं येऊ नका आणि अर्ध्या चढावर गाडी वळवायचा विचारही करू नका. दोनदा-तीनदा केलं की छातीतली धडधड जाते.

नंतर एखादी चर तिरकी ओलांडा, म्हणजे एकमेकांच्या तिरक्या कोपऱ्यांवरची दोन चाकं अधांतरी होतील. साधं डिफरन्शियल ज्या चाकाला विरोध कमी त्याला ताकद देऊन टाकतं, म्हणून हवेतलं चाक गरगरतं आणि गाडी जागची हलत नाही. इथं तुमच्या गाडीचा स्वभाव कळतो. गुरखात पुढचं आणि मागचं डिफरन्शियल हातानं लॉक करता येतं. थारच्या काही व्हेरियंटमध्ये मागचं यांत्रिक लॉक आपोआप लागतं, त्याला चाक थोडं फिरू द्यावं लागतं. जिम्नी फिरत्या चाकाला ब्रेक लावून ताकद दुसऱ्या बाजूला ढकलते, त्यामुळं ॲक्सिलरेटर स्थिर ठेवून क्षणभर थांबायला लागतं. हे पुस्तकात वाचून समजत नाही. फोरमन खाली उभा राहून कुठलं चाक फिरतंय ते दाखवतो, तुम्ही आत बसून ऐकता, तेव्हा समजतं.

अंगठे स्टीअरिंगच्या आत अडकवू नका. दगडाला चाक लागून स्टीअरिंग फिरलं तर अंगठा जातो. पट्टे सगळ्यांनी लावायचे, मागं बसलेल्यांनीसुद्धा.

आणि घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला हे सगळं करू द्या. आमच्या दुसऱ्या गाडीच्या वेळी आई आली होती, नुसती डबा घेऊन. फोरमन म्हणाले, "काकी, बसा की तुम्ही." आईनं फोर-एलमध्ये उतार असा उतरवला की आप्पा बघतच राहिले, आणि मग तेही बसले. तिसरा माणूस बाहेर उभा राहून हातानं दिशा दाखवायला शिकला पाहिजे. खुणा आधी ठरवा: डावं, उजवं, पुढं, थांब. एका वेळी एकानंच सांगायचं. चारजण चार बाजूंनी ओरडायला लागले की गाडी हमखास दगडावर जाते.

रुतल्यावर ओढायचं कसं

हे शिकवणीतच करून घ्या, कारण रुतल्यावर शिकायला डोकं शांत नसतं. बंपरमध्ये फिरवून बसवायचा हुक बंद पडलेली गाडी सपाट रस्त्यावर हळू न्यायला असतो. रुतलेली गाडी हिसक्यानं काढायला नव्हे. त्यासाठी चेसिसला बोल्ट केलेली जागा लागते. ती तुमच्या गाडीत पुढं-मागं कुठं आहे, ते फोरमनकडून बोट ठेवून बघा आणि फोटो काढून ठेवा. ट्रेलरसाठी लावलेल्या गोळ्याला दोर कधीच बांधायचा नाही. तो तुटला तर बंदुकीच्या गोळीसारखा येतो.

सोबत ठेवायच्या वस्तू थोड्याच आहेत: ओढायला वजन पेलणारा चांगला पट्टा, दोन शॅकल (पट्टा गाडीला जोडायच्या लोखंडी कड्या), फावडं, कॉम्प्रेसर, हातमोजे. ओढण्याआधी चाकांपुढची माती फावड्यानं काढा, हवा उतरवा. निम्म्या वेळा गाडी ओढावी लागतच नाही. ओढताना बाकी सगळे पट्ट्याच्या दीडपट लांबीएवढे दूर.

पाणी

इथं मी कठोर आहे. थारची पाण्यातून जायची क्षमता कंपनी ६५० मिलिमीटर सांगते, म्हणजे साधारण गुडघ्याच्या थोडं वर. गुरखा त्याहून थोडी जास्त. हा आकडा थांबलेल्या पाण्याचा, घट्ट तळाचा, हळू चालीचा आहे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती मिळून पंचगंगा होते, आणि पावसाळ्यात या सगळ्यांवरचे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे पाण्याखाली जातात. बंधाऱ्यावरून वाहणारं पाणी घोट्याएवढं दिसलं तरी त्याला आडवा जोर असतो आणि खालची कड दिसत नाही. तिथं फोर बाय फोर असो वा ट्रॅक्टर, थांबायचं. आपली गाडी जाईल असं वाटणं हेच अशा गाडीचं सगळ्यात मोठं दुखणं आहे.

शिकवणीत एखादं डबकं घ्या, आधी काठीनं खोली आणि तळ बघून. चालीनं आत, एकसारखा वेग, पुढं पाण्याची लाट तयार होईल इतपत. मधे इंजिन बंद पडलं तर परत स्टार्टर मारू नका. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये शिरलेल्या पाण्यावर पिस्टन आदळला की कनेक्टिंग रॉड वाकतो. ओढून बाहेर काढा आणि वर्कशॉपला कळवा.

जिथं चाक घालायचं नाही

पन्हाळ्याजवळचं मसाई पठार बघितलं की नवी गाडी घेतलेल्या कुणाचंही मन धावतं. तिथं जाऊ नका, म्हणजे गाडी घेऊन पठारावर जाऊ नका. जांभ्यावरचा मातीचा थर बोटभर असतो, त्यातच पावसानंतरची फुलं येतात, आणि एका चाकोरीचा व्रण वर्षानुवर्षं राहतो. ते संवर्धन राखीव क्षेत्र आहे. राधानगरी अभयारण्यात ठरलेल्या रस्त्याबाहेर पाऊल नको, गवा असो वा नसो. पन्हाळा २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांत जागतिक वारसा यादीत गेला. तिथल्या तटाजवळ, जुन्या पायवाटांवर गाडी चढवून फोटो काढणं आपल्याला शोभत नाही.

परत आल्यावर

घरी यायच्या आधी हवा भरून घ्या आणि दांडी टू-एचला आहे का ते बघा. दुसऱ्या दिवशी खालून गाडी नीट धुवा: चाकांच्या आतल्या बाजू, रेडिएटरची जाळी, ब्रेकच्या डिस्कमागं अडकलेले खडे. चाकांचे नट एकदा आवळून बघा. खाली कुठं तेलाचा थेंब दिसला तर फोटो काढून त्याच दिवशी शोरूमला पाठवा.

पहिल्या सर्व्हिसला जाताना प्रश्नांचा कागद घेऊन जा, आणि गाडी सोडून निघून येऊ नका. ट्रान्स्फर केस आणि दोन्ही डिफरन्शियलचं तेल किती किलोमीटरला बदलायचं, आणि पाण्यात गेल्यावर ते लवकर बदलावं लागतं का, हे तुमच्या मॉडेलसाठी विचारून पुस्तकात लिहून ठेवा. शक्यतो ज्या फोरमननी शिकवलं त्यांच्याकडूनच गाडी बघून घ्या. तुम्ही ती कुठं चालवता हे त्यांना माहीत असतं, त्यामुळं कुठं बघायचं हेही माहीत असतं. आम्ही जाताना त्यांच्यासाठी आईच्या हातची शेंगदाण्याची चटणी नेतो.